बेशुद्धीतला मार

मला बेशुद्धीत मारलंय, हे मी पयल्यापासनं सांगतेय. ऐकतंय कोण? माझ्या मुबशिराच्या बाळंतपणात घाईत सिझर झालं, पोटाला टाके पडले, ते ठीक. पण दुसऱ्या दिवशी मान, खांदे, पोटऱ्या का ठणकाव्यात? लेकराला पाजायला उचलता येईना. मी बोंब ठोकली, ह्या दवाखान्यातल्या लोकांनी मला झोपेत बडवलंय! आमचे मालक, लेकीचे अब्बा निसार, खो खो हसले. माझ्यासंगं चांदीच्या पैंजणाला घुंगरू जोडणाऱ्या बायका हसल्या. आमच्या हुपरी गावात माझं नाव पडलं, 'मार खाल्लेली मलिका'.

आता अपेंडिक्स. भरपेट जेवून उठले आणि कळ आली. कोल्हापुरात आणलं, तर डॉक्टर म्हणाले, फुटायच्या बेतात हाय, लगेच ऑपरेशन. मी म्हटलं, "करा की. पण जागेपणी करा. मी बेशुद्ध होणार न्हाय."

"येड लागलंय काय? मरशील!" मालक ओरडले.

"मरते. पण मार खात न्हाय."

मग भूल देणाऱ्या क्रांती डॉक्टर आल्या. त्या हसल्या न्हाईत. "ताई, तेव्हा कुठं कुठं दुखलेलं?"

या अल्ला! हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी बोट ठेवून ठेवून दाखवलं.

"तुम्हाला कुणी मारलं न्हाय. पण दुखलं ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "श्वासाची नळी झटकन घालायची असली की अंग सैल करायचं औषध देतात. सैल पडायच्या आधी त्यानं अंगभर मांस फडफडतं. डोळा लवतो तसं, पण सगळीकडं. तालमीत पयल्या दिवशी जोर काढल्यागत मग अंग धरतं."

"मग आता?"

"आता पोट भरलंय, अन्न वर येऊन श्वासात जाऊ नये म्हणून नळी झटकन घालायला पायजे, म्हणजे तेच औषध लागणार. पण त्याच्या आधी दुसऱ्या एका औषधाचा थोडासा डोस देते. फडफड कमी होईल. पापण्या जड वाटतील, घाबरू नका, मी जवळच हाय. अजिबात दुखणार न्हाय, अशी गॅरंटी मात्र देत न्हाय."

गॅरंटी दिली न्हाय, म्हणूनच माझा विश्वास बसला. "चला," म्हटलं. मालक खाली मान घालून उभे होते.

दुसऱ्या दिवशी टाके तेवढे दुखत होते. मान वळवून बघितली, हात वर करून बघितले. सगळं मोकळं. मालक शेजारी स्टुलावर बसलेले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "हितं दुखतंय काय गं?"

दुखत नव्हतं. पण मला रडूच फुटलं.

"व्हय," म्हटलं, "दाबा जरा."