एका वेळी एकच

"दाब. सोड. पुन्हा दाब. अगं हळू, बाई. इंजिन आहे ते, वर्गातली पोरं नव्हेत."

बॉनेटखालून बाबांचा आवाज आला आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या लेकीने हसून पाय सैल केला. ती शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून घरातही बाबा तिला 'बाई'च म्हणत. रविवारची सकाळ होती. पत्र्याच्या शेडखाली ती दोन दारांची, बसकी, लांब नाकाची गाडी घरघरत उभी होती. वयाने लेकीहून मोठी. एके काळी शर्यतीत धावलेली, पुढे कुणाच्या तरी कुंपणाशी गंजत पडलेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या बाबांनी ती दोरीने ओढून घरी आणली, तेव्हा गल्लीने त्यांना वेड्यात काढलं होतं. पण काचा घासणाऱ्याला घाई ठाऊक नसते. त्यांनी पत्रा ठोकून घेतला, इंजिन खोलून पुन्हा जुळवलं, इंजिनला पेट्रोल पाजणाऱ्या एका कार्बोरेटरच्या जागी दोन चढवले, पुढच्या चाकांना दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. आता ती सुटली की शेजारी बसणाऱ्याचं बोलणं अर्ध्यावर थांबायचं.

आईचं म्हणणं निराळं होतं. पाहुणे आले तर त्यांची गाडी उन्हात आणि ही महाराणी सावलीत, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. शेड गळायला लागली तेव्हा मात्र माणूस बोलावून नवे पत्रे घालून घेतले ते तिनेच.

सध्या महाराणीचं बिनसलं होतं. थंड असताना कुणाची दृष्ट लागावी अशी चालायची. पण एकदा तापली आणि पाण्याच्या टाकीकडचा चढ लागला, की उचक्या द्यायला लागायची, दम सोडायची आणि वरच्या वळणाशी येऊन बंद पडायची. जरा वेळ थांबून किल्ली फिरवावी, तर काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

बाबांचा संशय कॉइलवर होता. प्लगना ठिणगी पुरवणारं ते डबडं म्हातारं झालंय, गरम झालं की मान टाकतं, असं त्यांचं मत. लेकीचा संशय पेट्रोलच्या नळीवर होता. दोन कार्बोरेटर बसवताना ती नळी एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपाला जवळजवळ खेटून गेली होती. चढावर तिच्यातलं पेट्रोल उकळत असणार आणि वाफ वाट अडवत असणार. हे तिने सांगितलं, तेव्हा बाबांनी ते लांबच्या नातेवाइकाचं दुखणं ऐकावं तसं ऐकून घेतलं. नळी त्यांनी स्वतःच्या हाताने वळवली होती, हे त्यातलं अवघड जागेचं दुखणं.

दोन्ही एकदम का बदलायचं नाही, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारत नसे. एका वेळी एकच, हा बाबांचा नेम. काचांच्या दुकानातून आलेला. दोन्ही डोळ्यांचा नंबर एकदम बदलला आणि गिऱ्हाईक चक्कर येते म्हणून परत आलं, तर कुठल्या काचेला बोल लावायचा? म्हणून एकच गोष्ट बदलायची, त्याच रस्त्याने, त्याच चढाने गाडी न्यायची. पुरता गुण आला तर ठीक. नाही आला तर नवं काढून जुनं परत बसवायचं आणि मगच दुसऱ्याला हात घालायचा. लेक याच नेमात वाढली होती. लहानपणी बॅटरीचा उजेड धरायची, मग पाने-पकडी द्यायला लागली, मग बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यावर गाडीखाली तीच जाऊ लागली. आता चढावर गाडीही तीच न्यायची आणि बाबा शेजारी डोळे मिटून ऐकत बसायचे.

तरी गाडी धाकट्याची होती. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. लांबच्या शहरात नोकरीला. लहानपणी त्याला ही गाडी लागायची. अजूनही मागच्या सीटवर बसताना तो खिडकी आधी उघडायचा. पण काही नवं केलं की बाबा म्हणायचे, धाकटा आला की त्याला दाखवू, शेवटी त्यालाच सांभाळायची आहे. त्यात कुणाला कमी लेखणं नव्हतं. उद्या सूर्य उगवेल म्हणावं, तसं ते म्हणायचे. लेक त्या वेळी हातातला पाना पुसत असायची. तिला ती गाडी हवी होती. दुसरी कुठली गोष्ट तिला कधी इतकी हवीशी वाटली नव्हती. पण तिला मागायची सवयच नव्हती, आणि न मागता ओळखावं अशी बाबांची रीत नव्हती.

त्या रविवारी नवी कॉइल बसली. बाबांनी पट्टा स्वतः आवळला आणि तारेच्या टोकाला काळी टेप गुंडाळली. शेवटचा वेढा नेहमीप्रमाणे उलटा दुमडून, पुढे सोडवायला बोटाला सापडावा म्हणून. दोघं निघाली. आभाळ भरून आलं होतं, हवेत गारवा होता. टाकी मागे पडली. उचकी नाही. चढ उभा झाला, तिने गिअर खाली घेतला. इंजिन मोकळ्या गळ्याने गात होतं. वरच्या वळणावर मात्र एक उचकी आली. लहानशी, चोरून दिल्यासारखी. गाडी थांबली नाही.

माथ्यावर तिने गाडी बाजूला घेतली. बाबांनी थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतला. खाली सगळं गाव पसरलं होतं, त्याच्याकडे ते बराच वेळ बघत बसले.

"ढगांनी वाचवलं का कॉइलने, सांगता येत नाही," शेवटी ते म्हणाले.

तिने झाकण दोन्ही हातांत धरून चहावर फुंकर घातली.

"उद्या शाळेतून आलीस की तुझी नळी बघू."

'तुझी नळी' म्हणाले ते. तिने चहा संपवला, झाकण झटकलं आणि उतारावरून गाडी अशी आणली, की बाबांनी एकदाही दाराची मूठ धरली नाही. घरी आल्यावर आईने विचारलं, आज ढकलत आणली नाहीत वाटतं. बाबा म्हणाले, बाईंनी आणली.

सकाळी आई चहा घेऊन गेली, तेव्हा बाबा झोपेतच गेलेले होते. कुशीवर, हात उशाखाली. आई आधी कप खाली ठेवायला विसरली आणि मग कुठे ठेवायचा तेच विसरली. लेकीने तो तिच्या हातातून घेतला.

धाकटा आला. त्याने सगळं केलं. धावपळ केली, माणसं सांभाळली, आईजवळ झोपला. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. घर जरा शांत झाल्यावर त्याने गाडी विकण्याचा विषय काढला, तोही मायेनेच. आईला चालवता येत नाही, ताईला शाळेतून सवड नाही, आणि उभी राहिली की जुनी गाडी कुजते. त्याच्या माहितीत एक दातांचे डॉक्टर होते, जुन्या गाड्या जीव लावून ठेवणारे. ते बघायला यायला तयार होते.

"बाबांची गाडी गंजलेली मला बघवणार नाही, ताई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

ती 'हं' म्हणाली. आई निवडत असलेल्या भाजीवरून नजर उचलून तिच्याकडे बघत राहिली.

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी दुपारी ती गाडीखाली गेली. बिघडलेली गाडी परक्याच्या हातात द्यायची नाही, एवढंच तिने स्वतःला सांगितलं. जुनी नळी काढली. नवी एक्झॉस्टपासून लांब, बॉनेटच्या कडेकडेने नेली. मधे पत्र्याचा तुकडा आडवा लावला, आच अडवायला. मग नेमाप्रमाणे दुसरं काम उरलं. कॉइलने पुरता गुण आला नव्हता. ती काढून जुनी बसवायची होती. नाहीतर उद्या गाडी नीट चढली, तर ती कशामुळे चढली हे कधीच कळणार नव्हतं.

तिने पट्ट्याच्या बोल्टला पाना लावला. बाबांनी दुमडलेलं टेपचं टोक बोटाला लगेच सापडलं. ती तशीच उभी राहिली. शेडवरचे पत्रे उन्हाने तडतडत होते. मग तिने पाना काढून घेतला, टेपचं टोक अंगठ्याने पुन्हा चेपून बसवलं आणि बॉनेट लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. डॉक्टर बुटके, मिश्कील गृहस्थ होते. दार उघडण्याआधी त्यांनी टपावरून हलकेच हात फिरवला, तिथेच ते तिला आवडले आणि तिला त्याचा राग आला. ते चालवायला बसले, ती शेजारी, धाकटा मागे खिडकी उघडून. टाकी आली. चढ आला. गाडी तापली होती, रस्ता तापला होता. वळण आलं. गाडी एकदाही न अडखळता सरळ माथ्यावर गेली.

डॉक्टरांनी गाडी थांबवली आणि मीटरकडे वाकून बघितलं. आकडे मोठे कसे दिसतात, असं त्यांनी विचारलं. मूळ काच फुटली होती, तेव्हा बाबांनी स्वतःच्या नंबराची घासून बसवली, चष्मा न लावता काटा दिसावा म्हणून, असं तिने सांगितलं. त्यांनी त्या काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, चढावर त्रास होता असं ऐकलं होतं, कशाचा होता?

"कॉइलचा, नाहीतर पेट्रोलच्या नळीचा."

"नक्की कशाचा?"

"ते आता कळायचं नाही."

त्यांनी मान हलवली. या माणसाला कळलं, असं तिला वाटलं. मग ते मागे वळले आणि धाकट्याला म्हणाले, की मी घेतो, विचार करण्यासारखं काही नाही. धाकट्याने सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांना बरं वाटेल, असं काहीतरी तो म्हणत होता.

"मला हवी आहे," ती हळूच म्हणाली.

इंजिन चालू होतं. दोघांनाही ऐकू गेलं नाही. धाकटा पुढे वाकून म्हणाला, "काय म्हणालीस, ताई?"

तिने हात लांबवून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. मग ती मागच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा, वर्गातल्या आवाजात म्हणाली, "ही गाडी मला हवी आहे. पहिल्यापासून हवी होती."