पाच सेकंदांच्या आत

"एकोणीस हाका, दोन प्रतिसाद." डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचून चष्मा काढला. "काकू, नीट मोजलंत ना?"

बावीस वर्षांत काकूंना असं कुणी विचारलं नव्हतं. जोडप्यांच्या समुपदेशन केंद्रात त्या नोंदी ठेवायच्या. कुरबुर घेऊन नवरा-बायको आले की त्यांना एका खोलीत पंधरा मिनिटं बोलू द्यायचं, त्याचं चित्रण करायचं आणि मग काकूंनी ते डोळ्यांत तेल घालून पाहायचं. एकाने दुसऱ्याचं लक्ष मागितलं, मग तो प्रश्न असो की नुसता सुस्कारा, की ती झाली हाक. दुसरा पाच सेकंदांत वळला तर प्रतिसाद, नाहीतर फुली. वर्षानुवर्षांच्या संशोधनातून आलेली पद्धत होती ती. फुल्या फार झाल्या की संसार टिकत नाही, हे काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

या जोडप्याचा संसार चौतीस वर्षांचा. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, आणि तोंडाला कुलूप. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "यांच्यापेक्षा भिंत बरी. निदान आवाज परत तरी येतो."

"त्या बहिणीकडे निघाल्यात, कायमच्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी थांबा म्हटलं तर थांबतीलही. पण कशाच्या जोरावर म्हणू? उद्या खरं काय ते सांगून टाकते."

काकूंना राग आला होता. मोजणीवर शंका म्हणजे त्यांच्या इभ्रतीवरच शंका. तरातरा जाऊन त्यांनी चित्रण पुन्हा लावलं.

पहिली हाक. "वारा किती येतोय," बायको म्हणाली. नवरा ढिम्म. पाच सेकंद झाले, फुली. एरवी काकू इथे नवऱ्यावरची नजर काढून बायकोच्या पुढच्या हाकेकडे लक्ष लावायच्या. पण तेवढ्यात फोन वाजला आणि चित्रण तसंच चालू राहिलं. फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं तर नवरा उठून खिडकी लावत होता. बायको तोवर दुसऱ्याच विषयावर पोचली होती आणि तिची त्याच्याकडे पाठ होती.

काकूंनी चष्मा पुसला. पुढची हाक. "बोलून बोलून घसा बसला माझा." काहीच नाही. काकू थांबल्या. चाळीस सेकंदांनी त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण सैल केलं आणि बाटली हळूच तिच्या हाताजवळ सरकवली. ती पाणी प्यायली, पण बाटली कुणी सरकवली ते तिने पाहिलं नाही.

"असं किती दिवस काढायचे मी?" ही सातवी हाक. दोन मिनिटं गेली. बायको नळाच्या गळतीबद्दल बोलत होती, तेव्हा तो पुटपुटला, "मला पटकन जमत नाही गं." आदल्या दिवशी काकूंनीच ते 'मध्येच बोलणे' म्हणून त्याच्या नावावर टाकलं होतं.

एकोणीसपैकी सतरा हाकांवर फुली होती, आणि त्या सतराही हाकांना उशिरा का होईना उत्तर होतं. हा माणूस एकेक हाक मनात धरून ठेवत होता, हातातलं काम संपवल्यावर पुढचं घड्याळ घ्यावं तसा एकेक उत्तर देत होता, आणि तोवर ऐकणारं कुणी उरलेलं नसायचं. चौतीस वर्षं. काकू पडद्याकडे बघत राहिल्या. इतकी माया इतक्या उघड्यावर पडलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग आजवर आपण कितीजणांना सहाव्या सेकंदाला निकालात काढलं असेल?

दुसऱ्या दिवशी काकूंचं सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी तक्ता बाजूला ठेवला आणि दोघांना चित्रणच दाखवलं. काकूंना मुद्दाम जवळ बसवून घेतलं होतं.

"हे कधी झालं?" खिडकी लागताना पाहून बायकोने विचारलं. "मी तर तेव्हा पुढचं बोलत होते."

नवरा मान खाली घालून बसला होता, काही गुन्हा पकडला गेल्यासारखा.

सगळं पाहून झाल्यावर ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "मी जाऊ का बहिणीकडे?"

पाच सेकंद झाले. सवयीने काकूंचा हात पेन्सिलीकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला. दहा झाले, तीस झाले. डॉक्टरीणबाई काहीतरी बोलणार होत्या, काकूंनी त्यांचा दंड धरला. बायकोचे ओठ दोनदा हलले, पण चौतीस वर्षांत पहिल्यांदाच तिने पुढचं वाक्य गिळलं. साठ. सत्तर.

"तिच्याकडे तीन जिने आहेत," तो म्हणाला. "तुझा गुडघा."

बायकोने पदराने डोळे टिपले.

"मग?" ती म्हणाली, आणि खुर्ची त्याच्याकडे वळवून पुन्हा वाट पाहत बसली.