कुणाचा अंगठा चालतो

"लग्न झालंय ना तुमचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय," जिवल्या म्हणाला.

झालं! मी कपाळावर हात मारून घेतला. कडेवर पोर, खाटेवर पोट धरून तळमळणारी बाई, आणि हा शहाणा सरळ नाय म्हणतो! पण त्याला तरी काय ठाऊक? त्यांच्या वारल्यांत जोडपं आधी संसार मांडतं. गावजेवणापुरतं धान्य साठलं की मग लग्न लावायला धवलेरीणबाईला बोलवायचं. तोवर कधीकधी पोरं चालायलाही लागतात. त्यात कुणाला लाज वाटत नाही, आणि का वाटावी?

तिकडे घिवलीला अणुवीज केंद्राचं काम जोरात चालू होतं, आणि इकडे बोईसरजवळच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर एक, नर्स मी एकटी. खाटेवरची ठकी आदल्या दिवशी आली ती पोराच्या मानेवरचं गळू घेऊन. डॉक्टरांनी आई म्हणून तिचा अंगठा घेतला आणि गळू कापलं. आपलंही पोट दुखतंय हे त्या बाईनं सांगितलंच नाही. सकाळी उभी राहीना तेव्हा कळलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं.

"ऑपरेशन लगेच हवं," डॉक्टर म्हणाले, "पण हिला अठरा पूर्ण नाहीत. संमतीला नवरा नाहीतर बाप पाहिजे."

"काल हिचाच अंगठा घेतलात ना?"

"तो पोरासाठी. आई कितीही लहान असली तरी आईच."

"म्हणजे पोराच्या मानेला सुरी लावायला ही मोठी, आणि स्वतःच्या पोटाला लहान?"

"कायदा मी केला नाही, सिस्टर."

ठकी खाटेवरून पुटपुटली, "गवताच्या ठेकेदारानं उचल देताना माजा अंगठा घेतला, तवा बापाला नाय इचारला."

डॉक्टर वाईट नव्हते, भित्रे होते. मागे न विचारता ऑपरेशन केलं म्हणून अशाच एका पोरीच्या बापानं त्यांच्या दारात पोलीस आणले होते.

मी जिवल्याला बाहेर ओढलं. "अरे, आत जा, लग्न झालंय म्हण. घाबरून चुकलो म्हण!"

"खोटा कसा बोलू, बाय? धवलेरीण नाय आली, मांडव नाय पडला."

"आणि हे पोर?"

"पोर तर माजाच हाय!"

मग मीच आत जाऊन खोटं बोलले. डॉक्टर मान खाली घालून म्हणाले, "त्याच्या तोंडून ऐकलंय मी, सिस्टर."

ठकीचा बाप देवू वैतरणेच्या खाडीत रेती काढायला गेला होता. जिवल्यानं पोर माझ्या हातात दिलं आणि गाडी पकडायला धावला. पण रेतीच्या होड्या ओहोटीबरोबर खाडीच्या मुखाकडे गेल्या होत्या. त्या परतेपर्यंत तो बिचारा रात्रभर काठावर बसून राहिला.

इकडे ठकी सारखी विचारत होती, "बा आला?" संध्याकाळी तिची कळ एकदम थांबली.

"थांबला, बाय," ती हसून म्हणाली. कळ अशी थांबते म्हणजे आत अपेंडिक्स फुटलंय, हे ओळखून मी डॉक्टरांकडे धावले; ते म्हणाले, "बाप येऊ दे."

सकाळी ती तापानं फणफणली, ओळख देईना. तेव्हा कुठे डॉक्टर म्हणाले, "तयारी करा. माझं काय व्हायचं ते होवो." मी पाणी उकळायला ठेवलं. पाण्याला उकळी यायच्या आत ठकी गेली.

दुपारी दोघं आले. देवूच्या पायांना अजून ओली रेती होती. दारातूनच त्यानं अंगठा पुढे केला.

"कुटं लावू?"

त्यानं खाटेकडे पाहिलं आणि तिथेच भिंतीशी बसला. अंगठा तसाच वर धरलेला.

थोड्या वेळानं कंपाउंडर शाईची डबी घेऊन आला. "मयत ताब्यात घ्यायला अंगठा लागेल."

देवू उठेना. जिवल्या पुढे झाला. मी डॉक्टरांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते.

"माजा?" जिवल्यानं विचारलं. "आमचा लगीन नाय झाला."

"याला कुणाचाही चालतो," कंपाउंडर म्हणाला.

जिवल्यानं अंगठा दाबून लावला. मग शाई लागलेल्या अंगठ्याकडे बघत बसला.

"आता चालला," तो म्हणाला.

मी पोर त्याच्याकडे दिलं. त्यानं ते छातीशी धरलं, आणि मानेच्या पांढऱ्या पट्टीला शाई लागू नये म्हणून तो अंगठा लांब ठेवला.