आवाज चालू आहे तोवर

स्टेंट बसवून तीन महिने झाले नाहीत, तर आमच्या ह्यांना गवत कापायची हुक्की आली. अशा वेळी माणूस चालायचे बूट घेतो, योगा मॅट घेतो. दीनानाथरावांनी जालान बसारच्या दुकानातून दांड्याला फिरतं पातं असलेला ब्रशकटर आणला! तोही पेट्रोलचा. "बॅटरीचं खेळणं काय करायचंय?" म्हणे.

इथे परदेशात, ईस्ट कोस्टच्या आमच्या भाड्याच्या घरामागे वीतभर अंगण आहे. त्यात गवत गुडघ्यापर्यंत आलेलं, आणि डासांची तपासणी करणारेही येऊन गेलेले. माळी बोलवा म्हटलं, तर म्हणाले, "जुरोंग आयलंडवर अख्खा केमिकल प्लांट सांभाळतो मी, एवढंसं गवत नाही कापता येणार?" आजारपणापासून सगळे जपतात ते त्यांना सहन होत नव्हतं, हे मला कळत होतं. पण डॉक्टरांनी जड काम करू नका म्हणून बजावलं, ते काय मला एकटीला?

"जड कुठंय? खांद्याला पट्टा असतो गं, शुभे."

"अहो, पट्टा असला म्हणजे वजन जातं कुठे?"

शनिवारी सकाळी गमबूट, चष्मा, कानांवर जाडजूड झाकणं अशा थाटात स्वारी अंगणात उतरली. मी दारात उभी, तर म्हणाले, "तू बघत राहिलीस की मला काही सुचत नाही. आत जा." गेले. करते काय?

स्वयंपाकघरातून अंगण दिसत नाही, पण आवाज येतो. कांदा चिरत होते, कान सगळे तिकडे. घरघर थांबली की मी सुरी खाली ठेवायची. धावत जावं, तर हे पात्यात अडकलेली वेल सोडवत बसलेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा खेकसलेच, "सारखी सारखी येणार असशील तर तूच चालव हे!" मग मीही ठरवलं, आवाज चालू आहे तोवर जागची हलायचं नाही.

आणि आवाज चालूच राहिला. चढायचा, उतरायचा, पण थांबेना. माझा जीव भांड्यात पडला. उगाच मागे लागले बिचाऱ्यांच्या, जमतंय की! कौतुकसुद्धा वाटलं, खोटं कशाला सांगू. लेकीला, क्षिप्राला, हॉस्टेलवर फोन केला. "तुझे बाबा ठणठणीत आहेत, हे ऐक," म्हणत फोन खिडकीशी धरला.

"वा! बाबा सो स्टेडी लाह!" इथल्या पोरांच्या बोलीत म्हणत ती हसली.

पोह्यांची बशी घेऊन मी मागे गेले.

ब्रशकटर गवतात आडवा पडला होता, बंद. कुंपणापलीकडे रस्त्याकडेचं सरकारी गवत कापायला कंत्राटदाराची माणसं आली होती. इतका वेळ मी ऐकत होते ती त्यांची मशीनं.

हे भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक, हात छातीशी.

"किती हाका मारल्या गं," एवढंच म्हणाले.

बशी कुठे पडली, मला ठाऊक नाही. अँब्युलन्ससाठी ९९५ लावला. पलीकडची बाई पत्ता विचारत होती आणि त्या घरघरीत तिला माझं एक अक्षर कळेना. "अरे, बंद करा ते!" मी मराठीतच किंचाळले. कोणाला ऐकू जाणार? कुंपणाशी जाऊन दोन्ही हात हलवले, तेव्हा एकेक मशीन थांबलं.

पत्ता सांगून मी ह्यांच्याजवळ बसले. डोळे मिटलेले. श्वास ऐकायला वाकले, पण कानांवर आता माझा विश्वासच राहिला नव्हता. तळहात छातीवर दाबून धरला. हाताला धडधड लागत होती, वेडीवाकडी, पण लागत होती. अँब्युलन्सवाल्यांनी बाजूला व्हा म्हणून दोनदा सांगितलं, तरी मला हात उचलवेना.