सहावा प्रश्न

हे ब्राम लिहिणारच नव्हता. क्लबाच्या चार पानी पत्रकात असलं काही छापत नाहीत. पाच प्रश्न, पाच उत्तरं, खाली खाटकाची जाहिरात, संपलं. त्यानं सहावी चकती खिशात घातली होती आणि ती तिथंच राहिली असती.

नोव्हेंबरातला रविवार होता. चर्च सुटलं आणि सगळं गाव मोनिकच्या कॅफेत आलं. योरिसच्या चाहत्यांचा क्लब तिथलाच, अध्यक्ष ब्राम. एरवी तो गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात पट्ट्यावर उभा असतो. लोकांनी ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर प्रश्न लिहून सुपाच्या भांड्यात टाकायचे आणि योरिसनं उत्तरं द्यायची, अशी पद्धत. योरिस चौतीस वर्षांचा, नऊ वर्षं एकाच संघाचा गडी. आमच्याकडं सायकल शर्यतीतल्या अशा स्वाराला गडीच म्हणतात, शेतावरच्या गड्यासारखा. संघाच्या नायकासाठी पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, पाणी आणायचं, गरज पडली तर स्वतःचं चाक काढून द्यायचं.

"पाय का भादरता?" ब्रामनं पहिली चकती वाचली.

"पडलो की जखम धुवायला बरं. मालिशलाही बरं," योरिस म्हणाला. "खरं सांगू? बाकीचे भादरतात म्हणून."

"दिवसभर पुढं राहून जो ओढतो, तो जिंकत का नाही?"

"ओढतो म्हणूनच."

मग पोस्टातल्या लीव्हची चकती निघाली. शर्यतीत लघवी लागली तर? लोक टेबलं बडवायला लागले. हा प्रश्न दर वर्षी येतो.

"नायकाला लागली की नायक थांबतो," योरिस म्हणाला. "बरोबर गडी थांबतो. त्याची सायकल धरतो. झालं की त्याला पाठीमागं घेऊन मागून येणाऱ्या मोटारींच्या रांगेतून वाट काढत स्वारांच्या घोळक्यात परत आणतो."

"आणि गड्याला लागली तर?"

"गड्याला लागत नाही, लीव्ह."

हशा झाला. हशा ओसरता ओसरता हर्मन खाटीक बारपाशी उभा राहून म्हणाला, "माझी चकती कुठाय रे अध्यक्ष? मीही टाकली होती."

"भिजली असेल," ब्राम म्हणाला.

"मग तोंडीच विचारतो. एप्रिलात शर्यत गावातून गेली. गावचा पोरगा असला की घोळका त्याला पुढं सोडतो, घरच्यांना भेटू देतो. रीतच आहे. तू का नाही आलास? तुझी आई सकाळी नऊपासून दारात खुर्चीत बसली होती. आता ती नाही, म्हणून विचारतो."

सात महिने गाव हेच बोलत होतं, फक्त योरिसच्या पाठीमागं. मोठा झाला म्हणे, आईला हात करायलाही वेळ नाही.

योरिसनं ब्रामकडं पाहिलं. ब्राम चकत्या जुळवत बसला.

"पायात गोळा आला होता," योरिस म्हणाला.

"गोळा," हर्मन म्हणाला आणि ग्लास उचलला.

ब्रामला तो दिवस पाठ होता. योरिसची आई, गोदेलीव्ह मावशी, गोधडीत गुंडाळलेली, डोळ्यांनी अधू. घोळका आला आणि दहा-बारा सेकंदांत गेला. योरिस त्यात नव्हता. ब्रामला लाज वाटली, जणू त्याचाच भाऊ आला नव्हता. कुठल्या तरी निळ्या सदऱ्यातल्या स्वारानं कुणाला तरी हात केला.

"आला का रे?" मावशीनं विचारलं.

"आला की मावशी. सगळ्यात पुढं. तुम्हाला हात केला त्यानं."

आणि ब्रामनं तिची खुर्ची फिरवली. सूप निवतंय म्हणाला. अध्यक्षच आत चालला म्हणून सगळे आत आले. मागं पडलेल्यांना गोळा करणारी, झाडू लावलेली शेवटची गाडी जाईपर्यंत रस्त्याकडं पाठ करायची नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. ब्राम तर दर वर्षी ओरडून सांगायचा. त्या दिवशी सगळ्यात आधी पाठ फिरवली ती त्यानंच.

दुपारी लोक जेवायला घरी गेले. मागच्या अंगणात दोघं बाटल्यांचे क्रेट रचत होते.

"चकती दे," योरिस म्हणाला.

ब्रामनं खिशातून काढून दिली.

"गावाच्या अलीकडं नायकाला लागली," योरिस म्हणाला. "सकाळी मी घोळक्यातल्या सगळ्यांना विचारून ठेवलं होतं. जा म्हणाले, गाव तुझं आहे. मी त्याला म्हटलं, अरे माझं गाव येतंय. तो म्हणाला, दोन मिनिटं. आरामात केली त्यानं. वर रेनकोट काढून माझ्याकडं दिला."

"सोडून यायचंस त्याला."

"हो. यायला हवं होतं. ऑक्टोबरात संघानं काढलंच मला." त्यानं क्रेट ठेवला. "मी गाड्यांमधून आलो, ब्राम. घराचं दार बंद होतं. काचेतून तुझी पाठ दिसली. तू तिला सूप भरवत होतास."

ब्रामनं पुढचा क्रेट उचलला.

"रात्री तिचा फोन आला. पाहिलं म्हणाली तुला, काय ऐटीत हात केलास. मी हो म्हटलं. जूनमध्ये ती गेली, तोवर दर फोनला हो म्हटलं. कुणाचा हात होता तो?"

"माहीत नाही. निळा सदरा होता."

"निळा."

"मला वाटलं, तू येतच नाहीस."

"तुला माहीत होतं मी गडी आहे. गडी मागूनच येतो. आणि मागून आलो हे तुला कधी कळलं?"

ब्राम खोटं बोलू शकला असता. "त्याच संध्याकाळी. टीव्हीवर दाखवलं, तू त्याची सायकल धरून उभा होतास."

"आणि सात महिने गावाला बोलू दिलंस."

"सांगितलं असतं तर पाठ कुणी फिरवली, हेही सांगावं लागलं असतं."

योरिस हसला, पण ते हसणं बघवेना. त्यानं चकती ब्रामच्या हातात परत ठेवली.

"छाप. तो मुतत होता, हे छाप. मी सायकल धरून उभा होतो, हेही."

"आणि माझं?"

"ते तू ठरव. अध्यक्ष आहेस."

ब्रामनं चकती उलटी केली. हर्मनचं अक्षर, पेन्सिलचं, बिअरनं पसरलेलं. आत मोनिक खुर्च्या टेबलांवर चढवत होती.

"छापतो," तो म्हणाला. "सहावा प्रश्न, पहिल्या पानावर. सूपसुद्धा छापतो, योरिस. माझ्या नावानं."