अकरा वेळा नाही

वॉचमनचा फोन आला तेव्हा लिफ्ट-मेकॅनिक शेजारच्या इमारतीत ग्रीसने बरबटलेले हात पुसत होता.

"साहेब, लिफ्ट अडकलीय. तुमची मास्तरीण एकटीच आत आहे. पण घाबरू नका, तिसऱ्या मजल्याचं दार उघडलंय मी. उडी मारायला सांगतोय, धरतो तिला."

"नका सांगू!" तो ओरडला. फोन कट झाला होता.

तो धावत सुटला. लिफ्ट मजल्याच्या चार फूट वर अडकली की तिच्याखाली उघडा खड्डा असतो. उडी मारताना पाय सटकला की माणूस मागे त्या खड्ड्यातच जातो. वीस वर्षांच्या नोकरीत असा एकजण त्याने वर काढला होता, जिवंत नव्हे.

आणि मास्तरीण म्हणजे त्याची आठ वर्षांची लेक, मोठ्यांचा शब्द खाली पडू न देणारी. चौथ्या वर्षी अ‍ॅस्पर्जर, म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार, असल्याचं कळलं. एकदा शाळेतल्या बाई "इथेच उभी राहा" म्हणाल्या आणि विसरून गेल्या, तर ही पठ्ठी चक्कर येईपर्यंत उन्हात उभी! तेव्हापासून थेरपिस्टताई आठवड्यातून दोनदा तिच्याशी एक खेळ खेळायच्या. ताईंनी काहीतरी भलतंच सांगायचं, हिने नाही म्हणायचं. वर्षभर तिच्या तोंडून तो शब्दच फुटेना. आता कुठे फुटायला लागला, तर बापाचंच डोकं फिरलं. आजोबांना नाही, बाईंना नाही, हे काय चाललंय? गेल्याच आठवड्यात त्याने तिला दम भरला होता, "पुन्हा मोठ्या माणसाला नाही म्हणालीस तर याद राख."

जिना चढताना त्याला स्वतःचाच तो आवाज ऐकू येत होता. तिने ऐकलं असेल तर? ती ऐकतेच. तिच्याइतकं कोणीच ऐकत नाही.

दुसऱ्या मजल्यावर वॉचमनचा वैतागलेला आवाज कानावर पडला. "ये की गं बाळा! काय हट्टी पोर आहे!"

मग वरून बारीकसा, कापरा आवाज. "नाही, काका."

तो तिथेच भिंतीला टेकला. क्षणभरच. मग वर जाऊन त्याने वॉचमनला बाजूला सारलं, लेकीला मागच्या कोपऱ्यात बसायला सांगितलं, दार बंद केलं, गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन वीज तोडली आणि ब्रेक सैल करून चाक हाताने फिरवत लिफ्ट मजल्याला आणली.

दार उघडलं तेव्हा ती दप्तर छातीशी धरून बसली होती, ओठ पांढरेफटक.

"मी काकांना अकरा वेळा नाही म्हटलं," ती म्हणाली.

"शहाणी गं माझी बाय." त्याने तिच्यासमोर गुडघे टेकले. "खड्ड्याची फार भीती वाटली का?"

तिने नेहमीसारखा नीट विचार केला.

"वाटली. पण तुझी जास्त वाटली, बाबा."