मोनाच्या जेवणाचा अंदाज

गावात कोणाकडे लग्न निघालं, की पत्रिका छापण्याआधी लोक मधुकररावांच्या ओसरीवर येत. किती माणसांना किती तांदूळ, किती डाळ, किती तेल, हे त्यांच्याइतकं अचूक सांगणारा माणूस तालुक्याच्या लाखांदूरपर्यंत नव्हता. पंचवीस वर्षांत त्यांच्या अंदाजाच्या पंगतीत अन्न कमी पडलं नाही, की फेकावं लागलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी शेजारचे भय्याजी मुलाच्या लग्नासाठी आले. “सहाशे माणूस धरा,” ते म्हणाले.

“साडेसहाशे. पन्नास ऐनवेळी येतेतच,” मधुकररावांनी लिहायला घेतलं.

त्यांची मुलगी मोना चहा घेऊन आली. ती नागपूरला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. सुट्टी संपायला दोन दिवस उरले होते. कप ठेवून ती तिथेच उभी राहिली.

“बाबा, मी परत नाही जात. कॉलेज सोडून राहिली.”

“काहून? फी तं माफ हाय तुही!”

भय्याजी हसले. “फुकटातबी जमेना? मंग माया पोरासंगच हिचाबी मांडव टाका. आचारी एकच पुरते.”

मोनाची आई रुखमिणी दारात येऊन उभी होती. “कॉलेज लागल्यावर शिवलेला ड्रेस काल मी दोन बोटं आत घेतला,” ती म्हणाली. “पोरगी खाते काय, ते विचारा तिले.”

मोना खाली पाहत बोलली. “तुम्ही साडेचार हजार पाठवता. बावीसशे खोलीचे, सहाशे बसचे. उरलेल्या सतराशेत एकाच वेळचा डबा येते. प्रॅक्टिकलमध्ये दोनदा चक्कर आली मले.”

“मंग सांगितलं काहून नाही?”

“तुम्ही साऱ्या गावाले सांगून राहिले होते, पोरीचं शिक्षण फुकटात होऊन राहिलं म्हणून. कसं मागू?”

साडेचार हजार हा आकडा मधुकररावांनी कोणाला विचारून ठरवला नव्हता. तो सहज मनात आला होता.

रुखमिणीचा आवाज चढला नाही. “साडेसहाशे लोकायले मीठ किती लागते, ते तुमाले ठावं हाय. आपल्या एका पोरीच्या दोन वेळच्या जेवणाचा अंदाज नाही केला. अन् लग्नाचा? ती पाचवीत होती तवाच केला, सहा लाखाचा. त्यातले चार बँकेत जमलेबी.”

भय्याजींनी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

मधुकररावांनी वहीचं नवं पान काढलं. “बस इथं, मोना. सकाळी उठल्यापासून सांग.”

तिने सांगितलं. दोन वेळचा डबा बत्तीसशेचा होता. जर्नल, झेरॉक्स, वर्षातून दोनदा ॲप्रन, गावी यायची एसटी. मधुकरराव मध्येमध्ये विचारत होते. आजारी पडली तर? परीक्षेच्या दिवसांत रात्रीचा चहा? महिन्याला सात हजार झाले. दरवर्षीची भाववाढ धरून चार वर्षांचे पावणेचार लाख.

त्यांनी त्या आकड्याखाली रेघ मारली. एवढे पैसे घरात होते. फक्त दुसऱ्याच कामासाठी ठेवले होते.

“ठेव मोडू,” ते म्हणाले.

“अन् लग्न?” मोनाने विचारलं.

“करू शंभर माणसायचं.”

सोमवारी ते स्वतः तिच्यासोबत नागपूरला गेले. खोली पाहिली, बसचा रस्ता पाहिला, खानावळीत तिच्या शेजारी बसून जेवले. निघताना दोन वेळच्या डब्याचे पैसे भरले आणि म्हणाले, “कमी पडलं तं त्याच दिवशी फोन कर. लाजू नको.”

वाचकहो, फी हा शिक्षणाच्या खर्चाचा एक भाग आहे, पूर्ण खर्च नव्हे. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलामुलींना समोर बसवा, खोलीपासून औषधापर्यंत सगळं विचारा आणि लिहून काढा. आपण जो खर्च मोजत नाही, तो टळत नाही. तो आपलं मूल उपाशी राहून भरत असतं.